लाटा बघायला नगर जिल्ह्यात

वरळीला समुद्रापासून दहा मिनिटांवर राहणारी मुलगी लाटा बघायला नगर जिल्ह्यात चालली आहे, हे कळल्यावर शेजारच्या काकूंनी माझ्या आईला हळूच विचारलं की मुलगी बरी आहे ना. आईने सांगितलं, बरी आहे, मामाकडे चालली आहे. तेव्हा काकूंना हायसं वाटलं. मामाकडे जाणं समजण्यासारखं असतं.

खरं म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. माझे अप्पामामा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर आहेत आणि तिसगावच्या पलीकडे एका मातीच्या धरणावर त्यांची नेमणूक आहे. गावाचं नाव मी लिहिणार नाही. तसा शब्द मी तिथल्या बायकांना दिला आहे. का दिला, ते पुढे येईलच.

मामांनी तीन वर्षं खपून लाटांवर एक रिपोर्ट तयार केला होता. वारा सुटला की तलावातली लाट बांधाच्या उतारावर किती चढते, हा विषय. खात्याचे साहेब सोमवारी तपासणीला येणार होते. रिपोर्ट पसंत पडला तर तो मामांच्या नावासकट पुण्याच्या कचेरीत जाणार होता, आणि अठरा वर्षांच्या नोकरीत मामांचं नाव हजेरीपटाशिवाय कुठल्याच कागदावर आलेलं नव्हतं. अडचण इंग्रजीची होती. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘सविनय सादर करण्यात येते की’ असं सुरू व्हायचं, आणि लाट बांधावर चढेपर्यंत वाचणाऱ्याला डुलकी लागायची. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. म्हणून बोलावणं आलं.

मंगळवार. नगरहून पुढे

नगरपर्यंतच्या आगगाडीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पुढची मोटार मात्र सांगण्यासारखी आहे. महायुद्ध संपलं तरी पेट्रोल काही परत आलेलं नाही, त्यामुळे ती कोळशाच्या गॅसवर चालते. पाठीला आमच्या न्हाणीघरातल्या बंबाचा थोरला भाऊ बांधलेला असतो. सपाटीवर ती ऐटीत धावते. करंजीच्या घाटाशी आली की ड्रायव्हर सगळ्यांना खाली उतरायला सांगतो आणि माणसं मोटारीच्या बाजूने चालू लागतात. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी तर घाटमाथ्यावर दहा मिनिटं मोटारीची वाट पाहिली.

तिसगावहून मामांनी बैलगाडी पाठवली होती. वाटेत दोन्ही बाजूंना गुडघाभर बाजरी, मधून मधून हुलगा, आणि इतकं मोठं आभाळ की मला उगीचच कोणी घराबाहेर विसरून गेल्यासारखं वाटलं. मग गाडी एका चढावर आली आणि समोर पाणी दिसलं. त्या कोरड्या मुलखात ते असं दिसतं की कोणीतरी ठेवून गेलं आहे आणि परत न्यायला येणार आहे.

मामींनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. रात्री बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि शेंगोळे होते. हुलग्याच्या पिठाच्या वळलेल्या कड्या पातळ रश्शात शिजवतात, ते शेंगोळे. मुंबईत रेशनची तांबडी मिलो ज्वारी खाऊन माझ्या जिभेने अन्नाशी बोलणं टाकलं होतं. त्या रात्री मी तीन वेळा वाढून घेतलं. चौथ्या वेळी मामींनी न विचारताच वाढलं.

बुधवार. मामांचा शोध

सकाळी मामांनी पेटीतून वही काढली. वहीला खाकी कागदाचं वेष्टण, त्यावर जाड अक्षरात ‘लाटा’. तीन वर्षांतल्या प्रत्येक शनिवारची नोंद त्यात होती.

मामांची पद्धत अशी. बांधाची पाण्याकडची बाजू उतरती असते आणि लाटांनी माती धुऊन नेऊ नये म्हणून तिच्यावर ओबडधोबड दगड बसवलेले असतात. त्याला ते पिचिंग म्हणतात. या पिचिंगवर साती आसरा आहेत. म्हणजे सात दगड, शेंदूर लावलेले, पाण्याच्या देवी. मामांनी तीन वर्षांपूर्वी या आसरांची उंची एकदा नीट मोजून ठेवली. मग दर शनिवारी खाली उतरायचं, मधल्या आसरेपासून टेप लावायची आणि लाटेची ओली खूण तिच्यापासून किती अंतरावर आहे ते लिहायचं. पाणी किती भरलं आहे ते पाट सोडायच्या मोरीजवळच्या आकड्यांच्या पट्टीवर दिसतंच. दोन्हींची वजाबाकी केली की लाट किती चढली ते निघतं. मामांचे गुडघे दुखतात, त्यामुळे आठवड्यातून एकदाच.

मी विचारलं, मोजायला आसराच का?

“बांधावरचा दगड गुराखी हलवतील, खुंटी कोणी जळणाला नेईल,” मामा म्हणाले. “देव कोण हलवणार?”

वहीतून एक विलक्षण गोष्ट निघाली होती. तलाव अर्धा असो की पूर्ण भरलेला, ओली खूण नेहमी आसरांच्या पायांपासून दोन बोटं खाली. म्हणजे पाणी कमी असताना लाट खूप चढते आणि तलाव भरत गेला की कमी कमी चढते. मामांचा सिद्धांत असा की भरलेला तलाव समाधानी होतो आणि त्याच्या लाटा विनयशील होतात. म्हणून बांधाच्या उंचीची मुळीच काळजी नको.

मी समुद्राकाठी वाढले आहे. भरतीच्या वेळी समाधानी झालेला समुद्र मी पाहिलेला नाही. पण तो समुद्र, हा तलाव, आणि मामा अठरा वर्षं मुरलेले ओव्हरसियर. मी मान खाली घालून ‘विनयशील’ला चांगला इंग्रजी शब्द शोधला. तो फार छान बसला, हे मला कबूल केलं पाहिजे.

गुरुवार. भिजणं

दुपारी मी एकटीच बांधावर गेले. आमच्या वरळीला समुद्राकाठी उभी भिंत आहे. लाट तिच्यावर आदळते, ताडमाड उंच उडते आणि पदरासकट भिजवते. तिच्यात लपवाछपवी नसते. उतारावरची लाट वेगळी. ती आपटत नाही, वर चालत येते. दगडांच्या खाचांत शिरते, फेस होतो, खुळखुळ आवाज करत परत उतरते. दुरून बघणाऱ्याला वाटतं, ही कोणाला काय करणार.

पिचिंगच्या मधोमध बायकांची धुण्याची जागा आहे. तिथे कोणे एके काळी गुळगुळीत फरश्या तिरप्या बसवलेल्या आहेत, आणि त्यांच्या वरच्या टोकाला बसायला एक ओटा. चार-पाच जणी धुणं धूत होत्या. सगळ्या एकदम बोलत होत्या आणि मला पाहून सगळ्या एकदम थांबल्या. अशा वेळी मी नेहमी करते तेच केलं. लांबच्या एका फरशीवर बसले आणि तलावाकडे पाहू लागले.

“ताई, वर बसा,” त्यांतली एक वयस्कर बाई म्हणाली. तिचं नाव कोंडाबाई. तिचा नवरा धरणावर पाटकरी आहे, म्हणजे पाट सोडायचं आणि पट्टी वाचायचं काम करतो.

मी म्हटलं, इथे कोरडं आहे, बरं आहे.

“आता हाय,” कोंडाबाई म्हणाली आणि पिळा घट्ट करू लागली.

पश्चिमेकडून वाऱ्याचा एक झोत आला. त्याच्याबरोबर एक लाट आली, फार तर हातभर उंच. दगडांवर गेली तो भाग फुटला, फेस झाला, विरला. फरशीवर आली तो भाग मात्र फुटलाच नाही. पातळ होत, घाई न करता, सरळ वर चढत आला आणि माझ्या चपला घेऊन परत गेला. मी गुडघ्यापर्यंत भिजले होते. बायका इतक्या हसल्या की एकीचं लुगडं हातातून सुटलं आणि तेही चपलांच्या मागे गेलं. मग कोंडाबाईने काठीने दोन्ही ओढून आणलं.

मी तिला विचारलं, तुम्हाला कसं कळलं लाट इथवर येणार ते?

“आमची लुगडी कुठं हायेत बगा की.”

बघितलं. दगडांवर लुगडी वाळत घातलेली होती, टोकांना एकेक धोंडा ठेवून. हिरवी, तांबडी, जांभळी, पाण्यापासून सारख्या अंतरावर एक रांग. फक्त फरश्यांपाशी ती रांग एकदम वर चढली होती आणि पलीकडे पुन्हा खाली उतरली होती. मला ती शोभा वाटली. तिच्यात काही अर्थ असेल हे तेव्हा डोक्यात आलं नाही. माझं लक्ष चपलांकडे होतं.

आसरा जवळच होत्या. पाणी आठवडाभर चढत होतं, वर डोंगरात पाऊस झाला होता. लाटा आता आसरांच्या कमरेपर्यंत येत होत्या. मला वाटलं, शनिवारी मामांची दोन बोटं चुकणार. सिद्धांताचं काय होईल या काळजीत मी घरी गेले.

शुक्रवार. कढी

श्रावणातला शुक्रवार. मामींनी कढी केली होती, आणि मऊ भात, वर तुपाची धार. मामांना त्यांनी दोनदा आग्रह केला, तिसऱ्यांदा शपथ घातली. जेवण झाल्यावर मामा ‘जरा पाठ टेकतो’ म्हणाले आणि त्यांची पाठ जी टेकली ती घोरूच लागली. मी वळून पाहते तर मामी घरात नाहीत.

मला दुपारी झोप येत नाही. मी बांधावर गेले, आणि वरून जे दिसलं ते पाहून तिथेच खाली बसले.

खाली सहा बायका होत्या. पदर खोचून, एकेकीने एकेक आसरा उचलली होती आणि सावकाश वर चढत होत्या, जसं एखाद्या थकलेल्या पाहुणीला हात धरून आणावं तसं. कोंडाबाई पुढे होती, पाण्याच्या अंदाजाने जागा दाखवत. आणि सर्वांत शेवटी, नऊवारीचा काष्टा वर धरून, मधली आसरा पोटाशी घेऊन, माझ्या मामी होत्या.

मामींनी मला पाहिलं. मग त्या म्हणाल्या, “बघत काय बसलीस नलू? एक राहिली आहे खाली. धाकटी आहे, तुला झेपेल.”

अशा रीतीने मी देव हलवला. तो तेलकट होता आणि दिसतो त्यापेक्षा जड.

कोंडाबाईने मला सगळं समजावून सांगितलं. आसरा पाण्याच्या बाया. लाटेनं पाय धुतले पाहिजेत, तर त्या खुशीत असतात. पाणी लांब गेलं की रुसतात, डोक्यावरून गेलं की गुदमरतात. म्हणून पाणी वर आलं की त्यांना वर घ्यायचं, खाली गेलं की खाली न्यायचं. तिची सासू करायची, आता ती करते. शुक्रवारीच करायचं आणि पुरुषांच्या नजरेआड करायचं, असा नेम.

“रावसाब लई शिस्तीचे हायेत,” ती म्हणाली. रावसाब म्हणजे माझे मामा. “त्यांना कळलं तर सिमिट लावून बसवतील आमच्या बायांना. मग बुडल्या तरी तितंच. तवा ताई, तुमी काय बगितलं न्हाई. आनि गावाचं नाव कुटं काडायचं न्हाई.”

माझ्या हातांनीही एक देव हलल्यावर मला शब्द देणं भाग पडलं.

परत येताना मी मामींना विचारलं, वहीचं काय? तीन वर्षांच्या वहीचं? मामी थबकल्या. त्यांना वही माहीत होती, पण तीत काय लिहितात ते माहीत नव्हतं. मी सांगितलं की मामा लाट मोजत नाहीत, कोंडाबाईची नजर मोजतात. आणि म्हणून वही इतकी बिनचूक आहे.

“अगं बाई,” मामी म्हणाल्या. नंतर बरीच वाट चालून झाल्यावर, “मग आता सोमवारी?”

चहाच्या वेळी मी हात पदराखाली धरून बसले. शेंदूर नखांत गेला होता. मामांचं लक्ष गेलंच. ते म्हणाले, श्रावणात मेंदी छान, पण बोटांवरच काय काढली आहेस?

शनिवार. लुगड्याची टेप

मामा सकाळी मोजणी करून आनंदात परत आले. पाणी एवढं चढूनसुद्धा दोन बोटं खालीच. “लिहून घे,” ते म्हणाले. मी लिहून घेतलं. पेन्सिलीवर मी इतका जोर दिला की टोक मोडलं.

सांगावं तर शब्द मोडतो आणि आसरांना सिमेंट लागतं. न सांगावं तर मामा सोमवारी साहेबांपुढे हसं करून घेणार, किंवा त्याहून वाईट, साहेब ते खरं मानणार. आणि ते सगळं माझ्या चांगल्या इंग्रजीत. मला शाळेत कधीही इतका कठीण पेपर आला नव्हता.

दुपारी मामा झोपल्यावर मी धुण्याच्या जागी गेले. लुगड्यांची रांग आज अजून वर होती, पण फरश्यांपाशी तशीच उडी मारलेली. आणि या वेळी मला ती दिसली. एकदा धुतलेलं लुगडं कोणतीही बाई पुन्हा धुणार नाही. जिथे लुगडं वाळत घातलं आहे तिथे लाट येत नाही. ती रांग म्हणजेच लाटेची हद्द होती. दर शनिवारी नव्हे, रोज मोजलेली. वारा असेल तशी, पाणी असेल तशी.

मामांची टेप मागणं शक्य नव्हतं. कोंडाबाईने आपलं कोरडं लुगडं दिलं. नऊ वार, यात वादच नाही. त्याची चौघडी केली. दगडांवर पाण्यापासून रांगेपर्यंत अर्धी चौघडी भरली. गुळगुळीत फरश्यांवर पूर्ण चौघडी, वर एक हात. म्हणजे एकच लाट, एकच वारा, पण फरशीवर ती दुपटीहून जास्त धावते. दगडांच्या खाचा तिचे पाय ओढतात. फरशीवर तिला धरायला कोणी नसतं.

कोंडाबाई माझं मोजणं कंबरेवर हात ठेवून बघत होती.

“हे तुमच्या इंग्रजीत लिवनार?”

म्हटलं, हो.

“माजं लुगडं बी?”

तेही लिहिणार म्हटल्यावर ती म्हणाली, मग ते जरीकाठाचं घेऊन येते, हे फाटकं आहे. मी तिची समजूत घातली की कागदावर काठ दिसत नाहीत.

शनिवारी आणि रविवारी मामांच्या झोपेत मी दोन पानांची पुरवणी लिहिली आणि रिपोर्टच्या शेवटी टाचणीने लावून ठेवली. आसरांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. ती वाचायचं धैर्य होईल की नाही, ते मला माहीत नव्हतं.

सोमवार. साहेब

साहेब लष्कराने काढून टाकलेल्या जीपमधून आले. उंच, मितभाषी, बुटांना चकचकीत पॉलिश. तलाव जवळजवळ भरला होता, सांडव्यावरून पाणी जायला चार बोटं उरली होती. मामांनी टेबल आणि दोन खुर्च्या कुठे मांडल्या असतील? त्या ओट्यावर. तिथून तलाव छान दिसतो, आणि वहीप्रमाणे भरल्या तलावात लाट तिथून सात फूट खाली थांबते.

मी मामांजवळ जाऊन हळूच म्हटलं, टेबल वर बांधावर घेऊ या.

“वर ऊन आहे,” मामा म्हणाले. “तू वाच.”

बायका सगळ्या वर बांधावर उभ्या होत्या, धुण्याच्या बोचक्यांसकट. खाली एकही नव्हती. एकही लुगडं ओट्याच्या खाली नव्हतं. तिकडे मामांनी एकदा तरी पाहावं असं मला फार वाटलं, पण ते साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहत होते, वधूपिता पाहतो तसे.

मी वाचू लागले. माझा आवाज मुळात लहान, आणि वारा पश्चिमेचा. साहेब पुढे झुकून ऐकत होते. चौथ्या पानावर मी त्या वाक्याशी आले. त्याचा मराठीत अर्थ असा की तलाव जितका पूर्ण भरलेला, तितकी त्याची लाट विनयशील.

तेवढ्यात ती आली. मी तिला दुरून येताना पाहिलं, आणि मला ती ओळखीची वाटली. दोन्ही बाजूंना दगडांवर तिचा फेस झाला. मधला भाग फरशीवर आला, पातळ झाला, आणि कुठलीही घाई न करता ओट्यावर चढला. टेबलाच्या चारी पायांमधून गेला. साहेबांच्या दोन्ही बुटांत शिरला. मग आल्या वाटेने, खालच्या फरशीवर ठेवलेली साहेबांची हॅट घेऊन परत गेला.

साहेब बुटांकडे बघत होते. मग त्यांनी स्वच्छ मराठीत विचारलं, “ओव्हरसियर, तलाव किती भरलाय?”

“पूर्ण, साहेब. चार बोटं कमी.”

“मग ही अशी का वागली?”

मामांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. तीन वर्षांचे शनिवार त्यावरून एकेक करून उतरत होते. मी पान उलटलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं, आणि माझे कान तापले होते. मी पुरवणी वाचायला सुरुवात केली, पाण्यात उभी राहून. खडबडीत उतारावर इतकं, गुळगुळीत उतारावर इतकं. भरल्या तलावात, श्रावणाच्या वाऱ्यात, लाट या ओट्यावर येणार.

साहेबांनी मला थांबवलं. हे कोणी मोजलं?

मी मामांकडे पाहिलं. मग वर पाहिलं. “या गावातल्या बायकांनी,” मी म्हटलं. “रोज मोजतात.”

“कशाने?”

“लुगड्याने.”

साहेबांच्या मिशा हलल्या. त्यांनी कोंडाबाईला खाली बोलावलं. ती खाली आली नाही. वरूनच म्हणाली, साहेबांनी वर यावं, इथं कोरडं हाय. साहेब बूट हातात घेऊन वर गेले आणि आम्ही सगळे त्यांच्या मागून. हॅट तेवढ्यात काठीने वर आली होती.

वर गेल्यावर साहेबांनी विचारलं, ओव्हरसियरच्या वहीत लाट दर वेळी देवींच्या पायांशीच थांबते, हे कसं?

मामी पदर सारखा करू लागल्या.

“पाय धुवायला येती ती,” कोंडाबाई म्हणाली. “धुऊन झाल्यावर वर कशाला जाईल?”

साहेब बराच वेळ पिचिंगकडे पाहत राहिले. आसरांच्या खाली उतारावर शेंदराचे जुने डाग होते. सात, त्याखाली आणखी सात, त्याखाली आणखी फिकट सात, जणू कोणीतरी अनवाणी जिना चढून आलं होतं. ते डाग मलाही त्याच क्षणी पहिल्यांदा दिसले. मग साहेबांची नजर माझ्या हातांतल्या कागदांवर आली, कागदांवरून नखांवर. मी नखं मिटली. त्यांना घरी कोणी आई, कोणी बहीण असेल. ते मामांकडे वळले.

“तुमची टेप कापडी आहे?”

“होय, साहेब.”

“कापडी टेप भिजली की फसवते. तुमच्या पद्धतीत चूक नाही. पोलादी टेप पाठवतो.”

मामांच्या खांद्यांत जीव आला. ते टेपेला दोन शब्द बोलले, जे इतक्या वर्षांच्या चाकरीनंतर तिच्या वाट्याला यायला नको होते. साहेबांनी हुकूम दिला की पुरवणी हाच रिपोर्ट धरावा, ओव्हरसियरच्या नावानेच पाठवावा, आणि फरश्यांच्या वरच्या निम्म्या भागात खडबडीत दगड उभे बसवावेत, म्हणजे लाट तिथे अडखळेल. कोंडाबाईने खात्री करून घेतली की खालच्या फरश्यांना हात लागणार नाही आणि ओटा कोरडा राहील. मग तिने संमती दिली. दिली नसती तर काय झालं असतं सांगता येत नाही.

संध्याकाळी मामांनी मला विचारलं, पुरवणी कधी लिहिलीस? मी म्हटलं, तुम्ही झोपला होतात तेव्हा. “मी झोपत नाही,” मामा म्हणाले. “जरा पाठ टेकतो.”

परत वरळीला

येताना घाटात मोटार उताराला होती, त्यामुळे आम्हाला उतरावं लागलं नाही. कोंडाबाईने हुलग्याचं पीठ बांधून दिलं होतं. आईला शेंगोळे वळायला शिकवताना मी जे सांगितलं तेच इथे लिहिलं आहे, उरलेलं तिनेही ऐकलेलं नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं, दिसल्या का लाटा? मी म्हटलं, दिसल्या. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात मामांचं पत्र आलं. रिपोर्ट पुण्याला पोचला, नाव नीट छापलं आहे, आद्याक्षरांसकट. फरश्यांवर दगड बसले. पोलादी टेप आली आहे, अतिशय सुंदर वस्तू आहे, आता मोजणी हजार टक्के बिनचूक होईल. लाटांवरची नवी वही सुरू केली आहे. मोजायला सुरुवात अर्थातच नेहमीप्रमाणे मधल्या आसरेपासून. पहिल्या शनिवारी ओली खूण बरोबर दोन बोटं खाली आली, त्यावरून टेप चांगली असल्याचं सिद्ध होतं.

पत्राच्या तळाशी, समासात, मामींच्या बारीक अक्षरात एकच ओळ होती.

‘शुक्रवारी कढी केली होती.’